दम, उसासा आणि सेनेका

जिना चढून आलेला माणूस म्हणतो, दम लागला. बसमागे धावलेला म्हणतो, धाप लागली. गर्दीच्या लोकलमध्ये जीव गुदमरतो, बंद खोलीत श्वास कोंडतो. घरात किंवा कचेरीत मनाविरुद्ध दिवस काढावे लागले की घुसमट होते. महिनाअखेरीस खर्चाची तोंडमिळवणी करताना नाकी नऊ येतात आणि मुलीचा निकाल चांगला लागला की आईवडील मोकळा श्वास घेतात. हवा कमी पडण्याचे मराठीत इतके शब्द आहेत, आणि त्यातले बरेचसे शरीरालाही चालतात व मनालाही. त्यामुळे जीव गुदमरतो असे कोणी सांगितले तर छातीत काही झाले आहे की मनात, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. बोलणाऱ्यालाही ते दर वेळी ठाऊक असतेच असे नाही.

हा गोंधळ जुना आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका माणसाने स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना तो सोडवण्याचा प्रयत्न केला होता. त्याचे नाव लूशियस ॲनियस सेनेका. तत्त्वज्ञ, नाटककार, सम्राट नीरोचा शिक्षक आणि सल्लागार म्हणून तो जगाला माहीत आहे. पण त्याच्या आयुष्याचा एक धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत श्वासाचा आहे.

सेनेकाचा जन्म इ. स. पूर्व ४ च्या सुमारास कोर्दुबा इथे झाला. आजच्या स्पेनमधले हे कोर्दोबा. वडील वक्तृत्वशास्त्राचे जाणकार, घर सधन. अगदी लहान असताना मावशीने त्याला कडेवर घेऊन रोमला आणले. पुढे तो दीर्घकाळ आजारी पडला तेव्हा तिनेच आईच्या मायेने त्याची शुश्रूषा केली. लहानपणापासून त्याची प्रकृती नाजूक होती. वारंवार पडसे, त्याबरोबर बारीक ताप. तरुण वयात त्याने त्याकडे दुर्लक्ष केले, पण दुखणे मागे हटले नाही. शरीर झिजत गेले आणि तो अगदी काटकुळा झाला. त्या दिवसांत त्याला जगणे नकोसे झाले होते, हे त्याने उतारवयात न लपवता लिहून ठेवले आहे. त्याला थांबवले ते म्हाताऱ्या वडिलांच्या विचाराने. आपल्यात मरण्याचे धैर्य असेलही, पण आपले जाणे सोसण्याचे बळ वडिलांत नाही, हे त्याला कळत होते. कधी कधी नुसते जगत राहणे हेही शौर्यच असते, असा अर्थ त्याने त्यातून काढला. मित्रांची सोबत आणि अभ्यास यांनी आपल्याला उभे केले, असेही तो सांगतो.

मावशीचे यजमान इजिप्तचे रोमन प्रशासक होते. सेनेकाने तरुणपणी काही काळ तिथे काढला. छातीच्या रोग्याला हवापालटासाठी इटलीहून समुद्रमार्गे अलेक्झांड्रियाला पाठवावे, हा त्या काळचा मान्य वैद्यकीय सल्ला होता. त्याच सुमाराचा लेखक सेल्सस याच्या वैद्यकग्रंथात तो आढळतो. इ. स. ३१ च्या सुमारास हे कुटुंब परत निघाले. वाटेत मावशीचे यजमान समुद्रावरच वारले आणि वादळात सापडलेल्या जहाजातून मावशीने त्यांचा देह किनाऱ्याला आणला. रोमला परतल्यावर तिनेच आपल्या ओळखी वापरून भाच्याला सार्वजनिक जीवनाची पहिली पायरी चढायला मदत केली.

सेनेका लवकरच नावाजलेला वक्ता झाला आणि ते नावच त्याच्या जिवावर बेतले. सम्राट कॅलिग्युलाला (राज्यकाळ इ. स. ३७ ते ४१) त्याचे सिनेटमधले एक भाषण इतके झोंबले की त्याने सेनेकाला ठार मारण्याचा हुकूम दिला. त्या वेळी दरबारातल्या एका स्त्रीने सम्राटाला सांगितले की या माणसाला क्षय झाला आहे, तो आपणहूनच लवकर मरेल. हुकूम मागे घेतला गेला. ही हकिकत दीडशेहून अधिक वर्षांनंतर इतिहासकार डिओ कॅसियसने नोंदवली आहे. ती खरी असेल, तर सेनेकाच्या अशक्त छातीने निदान एकदा तरी त्याचा जीव वाचवला.

पुढचा सम्राट क्लॉडियस याने इ. स. ४१ मध्ये राजघराण्यातल्या एका स्त्रीशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार केले. तिथे त्याने आठ वर्षे काढली. तिथून त्याने आईला धीर देणारा एक सुंदर निबंध लिहिला. पण तिथूनच सम्राटाच्या एका वजनदार सेवकाची मनधरणी करणारे लेखनही केले. अडकलेल्या माणसाची धडपड दोन्हींत दिसते. इ. स. ४९ मध्ये सम्राटाची नवी पत्नी ॲग्रिपिना हिने त्याला परत बोलावले आणि आपल्या मुलाचा शिक्षक नेमले. हा मुलगा म्हणजे नीरो.

इ. स. ५४ मध्ये नीरो सोळाव्या वर्षी सम्राट झाला. सेनेका आणि अंगरक्षक दलाचा प्रमुख बर्रस या दोघांनी सुरुवातीची काही वर्षे राज्य बऱ्यापैकी सावरून धरले. सेनेकाकडे अफाट संपत्ती आली. साध्या राहणीवर लिहिणाऱ्या माणसाने तीस कोटी सेस्टर्स कसे जमवले, असा सवाल त्याच्या विरोधकांनी उघडपणे केला. इ. स. ५९ मध्ये नीरोने आपल्या आईचाच खून करवला. त्या खुनाचे समर्थन करणारे पत्र सिनेटला गेले, ते सेनेकाने लिहून दिल्याचे रोममध्ये बोलले जात होते, असे टॅसिटस हा इतिहासकार सांगतो. घुसमट हा शब्द या काळाला जितका लागू पडतो तितका दुसरा कुठलाही नाही. जे दिसते ते बोलता येत नाही, जे बोलावे लागते ते पटत नाही, आणि बाहेर पडायला वाट नाही.

इ. स. ६२ मध्ये बर्रस वारला. त्याचा घसा आतून सुजत गेला आणि श्वासाची वाट बंद झाली. आजार की विष, हे रोममध्ये कोणालाच नक्की सांगता आले नाही. एकटा पडलेल्या सेनेकाने नीरोकडे निवृत्ती मागितली आणि सारी संपत्ती परत देऊ केली. नीरोने त्याला मिठी मारली, गोड शब्द बोलला आणि नकार दिला. त्यानंतर सेनेकाने दरबारात जाणे जवळजवळ बंद केले. इ. स. ६४ च्या आगीनंतर त्याने दूर खेड्यात जाऊ द्या म्हणून पुन्हा विनवले. तेही नाकारले गेले, तेव्हा दुखण्याचे निमित्त सांगून तो खोलीतच राहू लागला. विषाच्या भीतीने तो रानफळे आणि वाहते पाणी यांवर राहत असे, असेही सांगितले जाते.

या शेवटच्या तीनेक वर्षांत त्याने सिसिलीत अधिकारी असलेल्या ल्युसिलियस या मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. त्यांतली १२४ आज उपलब्ध आहेत. चौपन्नावे पत्र श्वासाच्या झटक्याबद्दल आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ते एखाद्या उत्तम केसपेपरसारखे आहे.

बरेच दिवस बरे गेल्यावर झटका अचानक आला, असे तो कळवतो. इतर सगळी दुखणी आपल्या वाट्याला आली आहेत, पण हे एक जणू खास आपल्याच नावावर लिहिलेले आहे. हा झटका वादळासारखा येतो आणि साधारण तासाभरात ओसरतो. मग धाप हळूहळू विरळ होते, मंदावते आणि थांबते. पण त्यानंतरही श्वास पूर्वीसारखा सहज वाहत नाही, कुठेतरी अडखळतो, रेंगाळतो. सुरुवात कशी, किती वेळ, ओसरले कसे, मागे काय उरले, अशी सगळी माहिती क्रमवार आहे. ही लक्षणे दम्याशी चांगली जुळतात. दोन हजार वर्षांनंतर नक्की निदान करता येत नाही, कारण म्हातारपणी हृदय कमजोर झाले तरी रात्री-अपरात्री असाच दम लागतो. पण सांगणाऱ्याने आपले काम चोख केले आहे.

या पत्रातला शब्दांचा भाग विशेष आहे. दुखण्याचे ग्रीक नाव आपण कशाला वापरावे, असे सेनेका विचारतो. त्यासाठी लॅटिनमधला 'सुस्पिरियम' हा शब्द पुरेसा नेमका आहे, असे त्याचे म्हणणे. त्या काळी रोममधले वैद्यक ग्रीक भाषेत चाले, जसे आपल्याकडे ते इंग्रजीत चालते. सेल्ससने श्वासाच्या त्रासाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत आणि तिन्ही नावे ग्रीक आहेत. सौम्य त्रास तो डिस्प्निया. धापा टाकत, आवाज करत श्वास घ्यावा लागतो तो अस्थमा. मान ताठ ठेवून बसल्याशिवाय श्वासच घेता येत नाही तो ऑर्थोप्निया. हे तिन्ही शब्द आजही केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले जातात.

सुस्पिरियम मात्र घरातला शब्द होता. त्याचा रोजचा अर्थ उसासा, सुस्कारा. तोच शब्द दम्याच्या झटक्यालाही लागत असे. म्हणजे प्रेमात पडलेल्याचा उसासा आणि मरणाच्या दारातली धाप यांना रोमन माणसाकडे एकच नाव होते. सेनेका पत्राच्या शेवटाकडे याच शब्दाशी खेळतो. शरीराने हवे तितके उसासे टाकावेत, पण ते मनातून येऊ नयेत, एवढीच आपली अट आहे, असे तो मित्राला कळवतो. दमा आणि दुःख यांची एका शब्दात पडलेली गाठ त्याने इतक्या साधेपणाने सोडवली.

त्या काळचे वैद्य या झटक्याला आपसात मृत्यूची तालीम म्हणत, हेही सेनेकाच सांगतो. तो शब्द त्याला पटतो, कारण बाकी सगळे आजार म्हणजे आजारी असणे, हा मात्र प्राण जाण्याचा अनुभव. इथे त्याने 'अनिमा' हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ श्वास आणि प्राण असा दोन्ही होतो. मराठी वाचकाला हे नवे वाटायला नको. अनिमा आणि संस्कृतमधला श्वास घेणे या अर्थाचा 'अन्' हा धातू एकाच मुळातून आले आहेत. त्याच धातूपासून आपले प्राण आणि अनिल हे शब्द झाले. घशाला आवळणे या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदापासून छातीच्या दुखण्याचा अंजायना आला आणि इंग्रजीतली अँक्झायटी, म्हणजे चिंताही आली. वेदांत संकट, क्लेश या अर्थाने येणारा 'अंहस्' हा शब्द त्यांचाच नातलग आहे. अरुंद झालेली जागा आणि घाबरलेले मन यांची सांगड फार जुनी आहे.

आपल्याकडच्या वैद्यकातही हेच दिसते. चरकसंहितेत रोगाचेच नाव श्वास आहे. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला तमकश्वास दम्याच्या सर्वांत जवळचा आहे. ढगाळ हवेत आणि थंडीत तो वाढतो, आडवे झाल्यावर त्रास होतो आणि बसल्यावर बरे वाटते, हे वर्णन आजही चुकीचे ठरत नाही. दम आणि दमा हे शब्द फारसीतून आले. दम म्हणजे श्वास. मराठीने तो असा काही आपलासा केला की आपण दम लागतो म्हणतो, दम खातो, दम धरतो आणि दम देतोही.

शब्दांची ही चर्चा डॉक्टरच्या उपयोगाची आहे. गेल्या तीसेक वर्षांत श्वासाच्या त्रासाचे वर्णन रुग्ण कोणत्या शब्दांत करतात, याचा पद्धतशीर अभ्यास झाला. धाप ही एकच संवेदना नाही, वेगवेगळ्या संवेदनांचा तो समूह आहे, हे आता मान्य झाले आहे. छाती आवळल्यासारखी वाटते, हे वर्णन श्वासनलिका आकुंचन पावल्यावर, म्हणजे दम्यात, अधिक आढळते. हवा पुरत नाही, ही भावना मेंदू जेवढा श्वास मागतो तेवढा फुफ्फुसांना देता येत नाही तेव्हा येते. श्वास घ्यायला कष्ट पडतात, हे छातीच्या स्नायूंवरचा भार वाढल्याचे लक्षण. शब्दांवरून निदान पक्के होत नाही, तपासणी लागतेच. पण तपासणी कुठून सुरू करायची, हे शब्द सांगतात.

उसाशालाही शरीरात काम आहे. निरोगी माणूस नकळत दर पाचेक मिनिटांनी एक खोल उसासा टाकतो. फुफ्फुसांतले मिटू लागलेले वायुकोश त्यामुळे पुन्हा उघडतात. काळजीत असलेला माणूस याहून जास्त उसासे टाकतो आणि तरीही श्वास पुरा जात नाही, अशी तक्रार करतो. उलट, दम्याच्या झटक्यात भीती वाटणे स्वाभाविक असते आणि भीतीने श्वास आणखी वेगाने व उथळ होतो. शरीर आणि मन एकमेकांना असे ओढत नेतात. म्हणून तुमचे सगळे मनाचे आहे, असे म्हणून धापेला उडवून लावणे जितके चूक, तितकेच मनाची घुसमट नुसत्या छातीच्या औषधाने बरी करू पाहणेही चूक.

सेनेकाजवळ औषध नव्हते. पण कोणत्या जागी आपल्याला त्रास होतो, याची त्याने नीट नोंद ठेवली होती. नेपल्सजवळच्या डोंगरात खणलेल्या लांब बोगद्यातून जाताना तिथल्या कोंडलेल्या धुळीने आणि अंधाराने जीव कसा नकोसा झाला, हे त्याने एका पत्रात लिहिले आहे. दुसऱ्या एका पत्रात तो ताप आल्यावर घाईने रोम सोडून नोमेंटम इथल्या मळ्यावर गेल्याचे सांगतो. पत्नी पावलिना त्याला जाऊ द्यायला तयार नव्हती. शहराची जड हवा, पेटलेल्या स्वयंपाकघरांचा धूर आणि धूळ मागे पडताच आपल्याला उतार वाटू लागला, असे तो लिहितो. धूर आणि धूळ दमा चाळवतात, ही आज प्रत्येक दमेकऱ्याला दिली जाणारी सूचना त्याच्या अनुभवात आधीच होती. पावलिनेचा आपल्यावर जीव आहे म्हणून आपल्यालाही स्वतःच्या जिवाला जपायला हवे, हेही त्याच पत्रात आहे. तरुणपणी वडिलांसाठी जगलेला माणूस म्हातारपणी पत्नीसाठी जपून राहत होता.

इ. स. ६५ मध्ये नीरोला मारण्याचा कट उघडकीस आला. सेनेकाचा त्यात हात असल्याचा पुरावा भक्कम नव्हता, पण नीरोला निमित्त पुरले. रोमपासून चार मैलांवरच्या घरी सेनेका पत्नी आणि दोन मित्रांसह जेवत असताना सैनिक आले. पुढे हुकूम आला, त्याने स्वतःच्या हाताने मरण पत्करावे. मृत्यूपत्रात भर घालू द्यावी, ही त्याची विनंतीही नाकारली गेली. वयाने आणि तुटपुंज्या आहाराने कृश झालेल्या त्याच्या शरीरातून प्राण लवकर जाईना. शेवटी त्याला गरम हमामात नेले आणि तिथल्या वाफेत गुदमरून त्याचा अंत झाला. त्यासाठी टॅसिटसने जो लॅटिन शब्द वापरला आहे, त्याचा शब्दशः अर्थ होतो अनिमा काढून घेतलेला. आयुष्यभर ज्या दुखण्याला वैद्य मृत्यूची तालीम म्हणत आले, त्याच वाटेने मृत्यू आला. पावलिनेनेही सोबत जाण्याचे ठरवले होते, पण नीरोच्या हुकमावरून तिला वाचवण्यात आले.

सेनेकाच्या चरित्रात न पटणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. सम्राटाच्या दरबारातली घुसमट त्याने कधी नाव घेऊन लिहिली नाही. तिथे त्याचे शब्द बऱ्याचदा सम्राटाच्याच कामी आले. शरीराच्या गुदमरण्याबद्दल मात्र तो खरे बोलला आणि साध्या, घरच्या शब्दांत बोलला. त्याच्याकडून आज घ्यावे ते एवढेच. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत दमा हा शब्द टाळला जातो. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून त्याला सर्दी म्हणतात, नुसती ॲलर्जी म्हणतात. पंपाची सवय लागते या गैरसमजापोटी औषध अर्ध्यावर सोडतात. नाव टाळले की उपचारही टळतात, आणि आज तर उपचार हाताशी आहेत. श्वासनलिकेची सूज कमी करणारे, ओढून घ्यायचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घेतले तर बहुतेक दमेकरी नेहमीसारखे जगू शकतात.

तेव्हा डॉक्टरकडे गेल्यावर इंग्रजी नाव शोधत बसू नये. छाती आवळते, हवा पुरत नाही, धाप लागते की उसासे येतात, जे होते ते आपल्या शब्दांत सांगावे. कधी सुरू झाले, किती वेळ टिकले, छातीत शिट्टीसारखा आवाज आला का, धुराने किंवा धुळीने वाढले का, झोपल्यावर वाढते का, उशा किती लागतात, नंतर काय उरते, हेही सांगावे. मनावर ताण असेल तर तोही लपवू नये. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बसूनही धाप थांबत नसेल, पंप घेऊनही उतार पडत नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र वर्णन करत बसण्याची वेळ नसते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लगेच जवळचे रुग्णालय गाठावे.